गुलाबरावांनी खांदा देऊ नये

लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे हे मृत्युपत्रात आधी सांगावे लागते, असे वकील अर्जुनराव म्हणाले. तर त्याचा पुरावा देतो. काल, मंगळवार दिनांक २० जानेवारी २०२६ रोजी सकाळी साडेआठ वाजता मी धाड येथील माझ्या दुकानात माझे थोरले भाऊ गुलाबराव यांची विहिरीवरची मोटर जोडून पूर्ण केली, चालवून पाहिली, आवाज एकसारखा आला, आणि मग तिच्यावर पोते टाकले. शेजारच्या सईदने विचारले तेव्हा ‘अजून झाली नाही’ म्हणून सांगितले. हे करताना मला ताप नव्हता, नशा नव्हती, कोणाचा दाब नव्हता. गुलाबरावांचा गहू ओंबीवर आहे आणि त्याला याच आठवड्यात पाणी लागते, हे मला पुरते ठाऊक होते. यापेक्षा जास्त शुद्धीत माणूस कसा असणार?

मी, इंद्रभान तुळशीराम सोनुने, वय ४९ वर्षे, धंदा मोटर वाइंडिंग, राहणार मौजे तळणखेड, तालुका व जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, स्वखुशीने लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नोंदवहीत माझे नाव नथनएल आहे. २०११ साली बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकसाहेबांनी ते दिले आणि म्हणाले, “आजपासून तुम्ही नवे मनुष्य.” गावाने आठवड्याच्या आत त्याचे ‘नथ्थू’ केले. आधार कार्डावर आणि दुकानाच्या पाटीवर अजून इंद्रभानच आहे. ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत याची नोंद घ्यावी, म्हणजे वारसांना कचेरीत हेलपाटे पडणार नाहीत. त्यातला नवा मनुष्य नेमका कोणता, हे मला चौदा वर्षांत नीट सापडलेले नाही. पण त्यासाठी कचेरी नाही.

एवढ्या लवकर मृत्युपत्र कशाला, असे माझी पत्नी द्वारका विचारते. मला साखरेचा आजार आहे हे एक कारण. दुसरे असे की मागच्या डिसेंबरात आमच्या मंडळीतली एक म्हातारी बहीण वारली. नातेवाईक म्हणाले अग्नी द्यायचा, मंडळी म्हणाली माती द्यायची. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ती अंगणात पडून होती आणि दोन्हीकडचे लोक तिच्या डोक्यावरून भांडत होते. मीही भांडलो. घरी आलो तेव्हा घसा बसला होता आणि त्या बहिणीचा चेहरा मला आठवत नव्हता. माझ्या बाबतीत असे होऊ नये.

कलम १. तळणखेड येथील दोन खोल्या, पडवी व मागचे न्हाणीघर, हे घर मी स्वकमाईतून बांधले असून ते माझ्या पश्चात पत्नी सौ. द्वारका हिच्या मालकीचे राहील. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. पुढच्या खोलीत दर बुधवारी प्रार्थना होते. ती पुढे चालू ठेवायची की नाही हे द्वारकेने ठरवावे, मंडळीने नव्हे. चौदा वर्षांत सतरंज्या कोणी अंथरल्या, चहा कोणी केला आणि मागून कप कोणी विसळले, हे एकाही बंधूने कधी विचारलेले नाही. माझाही त्यात नंबर लागतो.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते आणि नाल्याकडची वीस गुंठे जमीन माझी मुलगी मनाली हिला द्यावी. घरात तिला छकुली म्हणतात. ती बुलढाण्याला नर्सिंग शिकते. तिने लग्न कोणाशी करावे यावर पाळकसाहेब मत देतील, काका-मावश्या देतील, कदाचित मीही तोवर दिलेले असेल. तिने सगळ्यांचे ऐकून घ्यावे आणि स्वतःचे करावे.

कलम ३. दुकानातले सामान. मेगर, टेस्टर, पाने, पुलर, वार्निशची भट्टी, हे सगळे विकून टाकावे. हाताने फिरवायची जुनी वाइंडिंग मशीन मात्र विकू नये. ती सईद यांना द्यावी. सईद शेजारी वेल्डिंग करतात आणि विहिरीत मोटर उतरवायला माझ्याबरोबर येतात. वीस वर्षांत आम्ही देवावरून कधी वाद घातला नाही, बेरिंगवरून रोज घातला.

कलम ४. पत्र्याच्या पेटीत सहा वह्या आहेत. मंडळीत त्यांना ‘वाढीच्या वह्या’ म्हणतात. पाळकसाहेबांनी प्रत्येकाला दिल्या. पानावर रकाने आखलेले आहेत: प्रार्थना, वाचन, क्षमा, साक्ष. रोज खूण करायची आणि रविवारी दाखवायची. विश्वासात रोज थोडे वाढायचे असते आणि वाढ दिसली पाहिजे, असा त्यामागचा विचार आहे. विचार चांगला आहे. मी कित्येकदा शनिवारी संध्याकाळी बसून सातही दिवसांच्या खुणा एकदम केल्या आहेत. पाळकसाहेबांनी माझी वही उंच धरून सगळ्यांना दाखवलेली आहे.

प्रार्थना आणि वाचन या रकान्यांतल्या बऱ्याच खुणा खऱ्या आहेत. साक्षीच्या रकान्यातली खूण दर वर्षी एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे मी तंबाखू सोडली. चौदा वर्षे मला तेच बोलायला उभे करतात. “बंधू नथनएल, सांगा, देवाने तुम्हाला कसे बदलले.” मी तंबाखूचे सांगतो. लोक डोळे पुसतात. तंबाखू मी सहा महिन्यांत सोडली होती, त्यानंतरचे कोणी विचारत नाही. क्षमेच्या रकान्यातल्या सर्व खुणा खोट्या समजाव्यात. वह्या मनालीने ठेवाव्यात किंवा चुलीत घालाव्यात, पण कोणालाही नमुना म्हणून दाखवू नयेत.

क्षमेचे काय, ते येथे लिहिणे भाग आहे. आमच्या रविवारच्या प्रार्थनेत सगळे मिळून म्हणायची एक ओळ आहे, ज्यांनी आमचे वाईट केले त्यांना आम्ही जशी क्षमा केली तशी आम्हांला कर, अशा अर्थाची. ती ओळ आली की मी ओठ मिटतो आणि पुढची आली की पुन्हा सामील होतो. अकरा वर्षे हे चालले आहे. खोटे बोलण्यापेक्षा गप्प बसणे बरे, असे मी स्वतःला समजावत आलो. कोणाच्या लक्षात आले नाही असेही वाटत होते. मागच्या रविवारी घरी येताना द्वारका म्हणाली, “तुमी त्या वळीवर गप काऊन होता, मले ठाऊक हाय.”

मी म्हणालो, “खोटं कसं म्हणू?”

“मंग वहीत खूण कशी करता? आन् देवाले काय, तुमचं गप बसनं ऐकू येत नाई का?”

कलम ५. माझ्या देहाची व्यवस्था. मला माती द्यावी, बुलढाण्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत. आणि माझे थोरले भाऊ श्री. गुलाबराव तुळशीराम सोनुने यांनी माझ्या मयतास हात लावू नये, खांदा देऊ नये, व घरापासून फाट्यापर्यंत मयताबरोबर चालू नये.

कारण लिहून ठेवतो. २०१४ च्या पावसाळ्यात आमचे वडील, आबा, वारले. निरोप मला भावाने दिला नाही, गावातून कळला. मी पळत गेलो. तिरडी उचलत होते. मी डाव्या बाजूला खांदा लावला तर गुलाबरावांनी माझा हात धरून बाजूला केला आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, “हात काढ. नाव बदललं ना तुयं? मंग बापई बदल.” मी चिखलात मागे उभा राहिलो. नाल्याच्या अलीकडून धूर पाहिला. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद आहे. मोटर जळली की ते जीपमध्ये टाकून चिखलीला नेतात, पण चार किलोमीटरवर धाडला माझ्याकडे आणत नाहीत.

यंदा आणली. म्हणजे माझ्याकडे आणली नाही. मागच्या बुधवारी सईदच्या दुकानात टाकून गेले आणि म्हणाले, त्याच्याकडून भरून घे, कोणाची ते सांगू नको. सईदने ती माझ्यासमोर ठेवली.

“कोणाची हाय?” मी विचारले.

“कोणाची का असेना बे, मोटर हाय. नाव काय इचारतं तिचं? तुले काय बाप्तिस्मा द्यायचा हाय का तिले?”

मी मोटर उलटी केली. खालच्या कडेला छिन्नीने कोरलेले होते: इं. तु. ९९. ती आमच्या वडिलांची मोटर. मी वाइंडिंग शिकलो तेव्हा आयुष्यातली पहिली भरलेली हीच. वडिलांनी जळलेली मोटर घरी आणली आणि म्हणाले होते, “बिघडली तं बिघडली, पन तूच भर.” ती बारा वर्षे चालली. आता उघडली तर आत कोणीतरी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरलेली होती, तीही निम्म्या वेढ्यांनी. सगळे जळून काळे. मी ते काढून टाकले, प्रत्येक खाच घासली, नवा कागद बसवला, तांबे भरले. असे काम मी गेल्या दहा वर्षांत केलेले नाही. आणि काम पूर्ण झाल्यावर पोते टाकले.

येथवर २१ जानेवारीस लिहिले. कलम ५ वाचून पाहिले. त्यात काही बदल करावासा वाटत नाही.

कलम ६. (शुक्रवार, ३० जानेवारी. पुढचे आजच्या तारखेला लिहीत आहे.) मोटर नऊ दिवस पोत्याखाली होती. या नऊ दिवसांत मी रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचले आणि रोज दुकान उघडल्यावर पोते नीट केले. वाचताना मन लागत होते, हे सांगायला मला लाज वाटते. मन लागले नसते तर बरे झाले असते. सईद दिवसातून दोनदा येई.

“झाली का?”

“वार्निश वाळायचं हाय.”

“वार्निश हाय का लोणचं? तुया भाऊ चार फोन करून राह्यला सकायपासून. मी त्याले काय सांगू, खुदाचा माणूस मोटर मुरवत ठेवून बसला म्हणून?”

मधल्या रविवारी ती ओळ आली. नेहमीप्रमाणे मी ओठ मिटले. इतके दिवस मी गप्प बसत होतो तेव्हा निदान माझेच वाईट झालेले होते. या वेळी ओळ दोन्ही बाजूंनी माझ्यावरच येत होती, क्षमा करायचीही माझ्यावर आणि मागायचीही. मी बाहेर जाऊन चपला घातल्या आणि आशीर्वादाआधीच निघालो. पाळकसाहेबांनी दुपारी फोन केला. “नथनएल, वाढ थांबली की काय?” मी म्हणालो, “साहेब, सुरू कधी झाली ते आधी सांगा.” त्यांना वाटले मी चेष्टा करतो आहे.

काल, गुरुवारी, मी सईदच्या मालवाहू रिक्षात मोटर टाकली आणि निघालो. सईद म्हणाला, “मी येऊ का?” मी नको म्हणालो. रिक्षा बांधापर्यंतच जाते, पुढे विहिरीपर्यंत पायवाट आहे. गुलाबराव बांधावर बसले होते. त्यांचे वय आता सत्तावन्न आहे, केस सगळे गेले आहेत, हे मला दुरून माहीत होते, जवळून पाहिले नव्हते. गव्हाच्या वरच्या पट्ट्याची ओंबी पांढरी पडली होती. अर्धा एकर तरी असेल. ते दाणे आता भरणार नाहीत.

ते उठले नाहीत. म्हणाले, “मले वाटलं, इंद्रभान येतो का तो नथनएल येतो.”

मी म्हणालो, “दोघंई आलो. मोटर जड हाय.”

ते हसले नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. “दादा, मोटर मागच्या हप्त्यात मंगळवारीच झाली होती. मी पोतं टाकून ठेवली. तुमचा गहू वाळावा म्हणून.”

त्यांनी गव्हाकडे पाहिले. मग म्हणाले, “काऊन?”

“आबाच्या मयताचं.”

“ते अजून धरून बसला तू?”

“हाव.”

“तुया देव शिकवते का हे?”

“नाई शिकवत. तोच तं तरास हाय.”

मला वाटले ते आता त्या दिवसाविषयी काही बोलतील. ते बोलले नाहीत. मी वाट पाहिली, हेही खरे आहे. त्यांनी खोपीतून बांबू आणला, दोराने मोटर बांबूला बांधली, पुढच्या टोकाशी स्वतः वाकले आणि मान न वळवता म्हणाले, “चाल, खांदा दे.”

आमच्याकडे मोटर अशीच नेतात. एक पुढे, एक मागे, बांबू खांद्यावर, मध्ये मोटर. हा शब्द रोजचा आहे, पंप बसवणारे दिवसातून दहा वेळा म्हणतात. पण मी दोन पावले चाललो आणि माझे पाय थांबले. बांबू खेचला गेला तसे तेही थांबले. आम्ही दोघे भाऊ, मध्ये आबांची मोटर, तिच्यावर माझी अक्षरे. त्यांना शब्द कळला की नाही मी सांगू शकत नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती. कान मात्र लाल झालेले दिसले. ते एवढेच म्हणाले, “पाय जपून. पुढं दगड हाय.”

मोटर बसवली, पाणी आले. मी पैसे घेतले नाहीत, त्यांनी विचारले नाहीत. चहा दिला नाही. निघताना म्हणाले, “वरचा पट्टा गेला माया.” मी म्हणालो, “गेला.” त्यापुढे काही ठरले नाही. कोणी कोणाच्या गळ्यात पडले असे वाचणाऱ्याने समजू नये.

कलम ७. (सोमवार, २ फेब्रुवारी.) काल रविवारी ती ओळ आली. मी तोंड उघडले, पण आवाज निघायला वेळ लागला. सगळे पुढच्या ओळीवर गेले आणि माझी ओळ मागे एकट्याची ऐकू आली. पुढे बसलेल्यांनी वळून पाहिले. द्वारकेने पाहिले नाही. पुढच्या रविवारी म्हणता येईल याची खात्री मी देत नाही. आज सकाळी दुकान उघडताना मला तो चिखल पुन्हा आठवला आणि पुन्हा तितकाच राग आला. मला वाटले होते, बाप्तिस्म्याच्या दिवशी जुना माणूस वाहून गेला आणि पुढे नुसते वाढायचे. तसे माझ्या बाबतीत झालेले नाही. तो रोज सकाळी माझ्याआधी दुकानात येऊन बसतो. त्याला रोज तेथून उठवावे लागते.

तरी अंत्यविधीविषयी पुढीलप्रमाणे करावे. माती बुलढाण्यालाच द्यावी, यात बदल नाही. घरापासून फाट्यापर्यंत, जेथे गाडी उभी राहते तेथवर, डाव्या बाजूचा पहिला खांदा माझे दादा गुलाबराव यांना विचारावा. विचारावा असेच लिहिले आहे, लादू नये. ते आधी गेले तर मला कळवावे. मी येईन, आणि हात बाजूला केला तरी या वेळी मागे उभा राहणार नाही, बरोबर चालेन. त्यांनी माझ्या नावाने त्यांच्या घरी दहावा घातला तर पाळकसाहेबांनी त्यावर बोलू नये. मयताच्या दिवशी दोन्हीकडच्या कोणीही भांडू नये. भांडायचे असल्यास फाट्यावर जाऊन भांडावे, मला अंगणात ताटकळत ठेवू नये. आणि तंबाखूची गोष्ट कोणी सांगू नये.

कलम ८. कलम ३ मध्ये दुरुस्ती. सईद साक्षीदार असल्याने त्यांना या कागदाने काही देता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. ते ऐकून सईद म्हणाले, “मंग मले साक्षीदार काऊन केलं बे? मशीन गेली न माई!” वाइंडिंग मशीन आता त्यांची मुलगी उमैमा हिला द्यावी. तिने आयटीआय केले आहे. सईदनेही नंतर कबूल केले की मशीन तिलाच चालवता येते, ते नुसते हँडल फिरवतात.

कलम ९. (गुरुवार, ५ फेब्रुवारी, वकिलांच्या बैठकीत.) कलम ५ आणि कलम ७ एकमेकांच्या विरुद्ध जातात, असे अर्जुनरावांनी दाखवून दिले. बरोबर आहे. ते म्हणाले, “इंद्रभानजी, एवढी खाडाखोड ठेवू नका. मी पोराकडून टाइप करून स्वच्छ प्रत काढतो. पाचवं कलम राहणारच नाही. कोणाला कळणारही नाही की ते होतं.”

स्वच्छ प्रतीचा मोह मला चौदा वर्षे आहे. सहा वह्या भरून मी तेच केले. मी म्हणालो, “नको. हाच कागद राहू द्या.”

“पण वाचणाऱ्यांना तुमचं ते सगळं दिसेल.”

“दिसू द्या. दादालाही दिसू द्या.”

मग त्यांनी सांगितले की कायद्याने खोडता येते, पण खोडलेल्या जागी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची लहान सही लागते. म्हणून कलम ५ मधील ‘आणि माझे थोरले भाऊ’ येथपासून ‘चालू नये’ येथपर्यंतच्या ओळीवर मी आज, दोन्ही साक्षीदारांसमोर, एक रेघ मारली आहे. एकच मारली आहे, खालचे वाचता यावे म्हणून. कारणाचा मजकूर खोडलेला नाही, ते घडले होते. समासात मी सही केली. लहान सहीला पूर्ण नाव लागत नाही, म्हणून इं. तु. एवढेच लिहिले, मोटरवर आहे तसे.

लिहून देणार: इंद्रभान तुळशीराम सोनुने
(सही)

वरील मजकूर इंद्रभान यांनी आम्हां दोघांसमोर वाचला, कलम ५ मधील ओळ आमच्यासमोर खोडली व आमच्यासमोर सही केली. त्यांच्या सांगण्यावरून आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या, खाली पूर्ण व समासात लहान.

साक्षीदार १: सईद शेख, वेल्डिंग व पंप फिटिंग, धाड
(सही)

साक्षीदार २: धम्मरत्न इंगळे, शिक्षक, तळणखेड
(सही)

ठिकाण: बुलढाणा
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२६